सिंहाआधी गवत

दादरा-नगर हवेलीत आमलीहून खानवेलच्या रस्त्याला लागलं की दहाएक किलोमीटरवर वासोणा येतं. वनखात्याचं लायन सफारी पार्क इथेच. जाळी बसवलेल्या मिनीबसमधून आत जायचं आणि झाडाखाली पसरलेला सिंह डोळे भरून पाहायचा. सिंह गीरच्या वंशातले. माणूस जाळीत आणि सिंह मोकळा, हा उलटा मामला पोराटोरांना भलताच आवडतो. सुट्टीच्या दिवशी वापी-दमणपासून तलासरी-डहाणूपर्यंतची मंडळी इथे हजेरी लावतात.

त्यांतलीच काही मंडळी पुढे पैसे साठवून केनिया-टांझानियाच्या सहलीला जातात. जाताना मनात चित्र वासोण्याचंच असतं, फक्त जरा मोठं: गाडी आत जाईल, सिंह दिसेल, फोटो निघेल. आफ्रिकेत सिंह दिसतोही. पण तेवढंच पाहून परतलं, तर विमानाचं तिकीट काढून आपण वासोणाच बघून आलो असं म्हणावं लागेल.

कारण वासोण्यात सिंह आहे, पण त्याची भूक दिसत नाही. मांस त्याला माणसांकडून मिळतं. चितळ, सांबर आहेत, पण ते त्याच बाजूच्या सातमालिया मृग उद्यानात, वेगळ्या कुंपणाआड. खाणारा एका आवारात आणि ज्याला खायचं तो दुसऱ्यात. आफ्रिकेच्या माळावर ही दोन आवारं एकच असतात, आणि त्या दोघांना जोडणारा सगळा व्यवहार उघड्यावर चाललेला असतो. सफारीला जाऊन पाहायचा तो हा व्यवहार. त्याची सुरुवात सिंहापासून होत नाही, गवतापासून होते.

जागेचा हिशेब

वासोण्याचं पार्क वीसेक हेक्टरांचं आहे, म्हणजे चौरस किलोमीटरचा पाचवा हिस्सा. आफ्रिकेत शिकार मुबलक असलेल्या भागातसुद्धा सिंहांच्या एका कळपाला वीसेक चौरस किलोमीटरचा मुलूख लागतो. त्यात शंभर वासोणे बसतील. शिकार विरळ असेल तिथे हाच मुलूख चारशे चौरस किलोमीटरपर्यंत पसरतो, आणि आपली आख्खी दादरा-नगर हवेली आहे 491 चौरस किलोमीटरची. केनियातलं मसाई मारा अभयारण्य 1510 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या तिप्पट. त्याला लागून सीमेपलीकडे टांझानियाचं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान, 14,763 चौरस किलोमीटर, आपल्या तीसपट. या दोघांच्या मध्ये कुंपण नाही.

पण नुसत्या आकारामुळे प्राणी दिसत नाहीत. आपल्याकडेही 2000 साली अधिसूचित झालेलं 92 चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे आणि त्यात बिबटे आहेत. साग, खैर, शिसव आणि खालची झुडपं यांच्या दाटीत बिबट्या वीस पावलांवर बसलेला असला तरी कळत नाही. गुराख्याला तो कळतो, पण बुजलेल्या गुरांवरून, वानरांच्या खाकरण्यावरून, सकाळी ओहोळाकाठी उमटलेल्या पंजावरून. वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दाखवणाऱ्या कित्येकांनी तो जन्मात धड पाहिलेला नसतो.

सेरेंगेटीचा दक्षिण भाग याच्या नेमका उलट. आमलीत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथे वर्षाकाठी पाचशेच्या आसपास. शिवाय शेजारच्या ज्वालामुखींनी हजारो वर्षं ओतलेली राख जमिनीखाली थिजून टणक थर झाली आहे. झाडाची मुळं त्या थरापाशी अडतात, गवताच्या मुळांना मात्र वरची वीतभर माती पुरते. म्हणून मैलोन् मैल नुसतं आखूड गवत आणि त्यावर मोकळं आभाळ. याच राखेतून गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस उतरतो. दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं तेच लागतं. इतक्या संख्येने प्राणी जगतात ते या राखेच्या जोरावर आणि आपल्याला दिसतात तेही तिच्यामुळेच. ओल डोइन्यो लेंगाई हा त्यांतला एक ज्वालामुखी आजही जागा आहे.

तीन पंगती

गवत म्हणजे सगळं सारखंच, असं आपल्याला वाटतं. चरणाऱ्यांना तसं वाटत नाही. एकाच माळावर झेब्रा, विल्डबीस्ट आणि थॉमसन गॅझेल चरताना दिसले तर गाडी थांबवून दहा मिनिटं फक्त त्यांच्या तोंडांकडे पाहावं. दुर्बीण लावली तर जबडेही दिसतात.

झेब्र्याला घोड्यासारखे वरखाली दोन्हीकडे पुढचे दात असतात. उंच, राठ, वाळकं गवत तो कचाकच तोडतो. तो रवंथ करत नाही; चारा त्याच्या आतड्यातून भराभर पुढे सरकतो, म्हणून निकस गवतही भरपूर खाऊन त्याचं भागतं. झेब्र्यांनी वरचे धांडे उडवले की खालची पानं मोकळी होतात. मग विल्डबीस्ट येतो. गाईसारखा तो रवंथ करणारा. वरच्या जबड्याला पुढचे दात नाहीत, पण तोंड रुंद. मधलं पानाळ गवत तो ओठांनी आणि जिभेने ओढून घेतो. तो पुढे गेला की तुडवलेल्या, शेणामुताने खतावलेल्या जमिनीतून कोवळे फुटवे वर येतात. ते वेचायला निमुळत्या तोंडाची गॅझेल हजर. आपल्या चिंकाऱ्याचीच ही भाऊबंद, वजन वीस-पंचवीस किलो. पहिली पंगत उठते, दुसरी बसते, मग तिसरी. आणि प्रत्येकीचं उष्टं हेच पुढचीचं पक्वान्न.

हा क्रम ठाऊक असला की माळ वाचता येतो. उंच गवतात झेब्रे दिसले तर मागून विल्डबीस्ट येण्याची शक्यता धरावी. नुसत्या गॅझेल दिसल्या तर मोठे कळप इथून सरकून गेले असं समजावं.

पावसामागची पायपीट

या पंगती एका जागी बसत नाहीत. सुमारे तेरा लाख विल्डबीस्ट, दोन लाखांच्या आसपास झेब्रे आणि लाखोंनी गॅझेल वर्षभर पावसाच्या मागे फिरत असतात. जानेवारी ते मार्च हे कळप दक्षिण सेरेंगेटीच्या राखेच्या माळावर असतात. फेब्रुवारीच्या सुमारास अवघ्या दोन-तीन आठवड्यांत बहुतेक विल्डबीस्ट माद्या वितात. वासरू काही मिनिटांत उभं राहतं आणि लवकरच आईच्या बरोबरीने धावू लागतं. सगळ्यांनी एकदम विण्यात हिशेब आहे: तरस आणि सिंह खाऊन खाऊन किती खातील? एरवी वर्षभर थोडी थोडी वासरं जन्मली असती तर बहुतेक सगळीच फस्त झाली असती.

मोठा पाऊस सरला की माळ सुकतो. मे-जूनमध्ये रांगा वायव्येकडे निघतात आणि जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला, माऱ्यात पोचतात. नोव्हेंबरच्या छोट्या पावसात पुन्हा दक्षिणेची वाट. आपल्याकडच्या सहली बहुतेक जुलै-ऑगस्टच्या असतात त्या यामुळेच.

सगळ्या चित्रफिती मारा नदीच्या काठावर जमतात. काठावर हजारो विल्डबीस्ट गोळा होतात, पुढचा एक पाय पाण्यात घालतो, बिचकून मागे फिरतो, आणि सगळा कळप त्याच्यामागे पळत सुटतो. तासभर हेच चालतं. मग एक उडी घेतो आणि काठ ढासळावा तसे बाकीचे मागोमाग पडतात. मगरी टपलेल्या असतात, पण खरा संहार मगरी करत नाहीत. 2001 ते 2015 या काळातल्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी 2017 साली हिशेब मांडला: दरवर्षी सरासरी सहा हजारांहून अधिक विल्डबीस्ट या नदीत बुडून मरतात, चेंगराचेंगरीत आणि प्रवाहात सापडून. मगरींच्या पोटात त्यांतलं थोडंसंच जातं. काही गिधाडं आणि मराबू करकोचे खातात, बराचसा भाग मासे आणि पाण्यातले बारीक जीव पचवतात. हाडं तर तळाशी वर्षानुवर्षं विरघळत राहतात आणि नदीला फॉस्फरस पुरवतात. सेरेंगेटीच्या राखेतला फॉस्फरस गवतातून हाडांत आणि हाडांतून नदीत, असा हा प्रवास आहे.

बुळकांडीने लिहिलेला इतिहास

आज दिसणारे हे कळप अनादी काळापासून असेच आहेत, ही समजूत चुकीची. यात आपल्या गोठ्यातला एक जुना वैरी आडवा येतो.

गुरांची बुळकांडी आपल्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना अजून आठवते: ताप, तोंडात फोड, हगवण आणि आठवड्याभरात गोठा रिकामा. हा रोग 1887 च्या सुमारास बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर आफ्रिकेच्या ईशान्य टोकाला उतरला आणि दहा वर्षांत दक्षिण टोकापर्यंत पोचला. मसाई लोकांची बहुतेक गुरं मेली आणि त्यामागून दुष्काळ व देवी आल्या. रानरेडे आणि विल्डबीस्ट यांचेही कळप बसले.

याच सुमारास मोम्बासाहून आत जाणारी रेल्वे बांधायला ब्रिटिशांनी हजारो हिंदी मजूर नेले. 1898 साली त्सावो नदीवरच्या पुलाचं काम चालू असताना आयाळ नसलेल्या दोन सिंहांनी महिनोन् महिने तंबूंतून माणसं ओढून नेली. काम बंद पडलं. डिसेंबरात जॉन पॅटर्सन या अभियंत्याने दोन्ही सिंह मारले. मृतांचा आकडा त्याने 135 असा सांगितला. रेल्वेच्या नोंदीत 28 हिंदी मजूर आहेत, आणि सिंहांच्या केसांचा व हाडांचा अभ्यास करून 2009 साली शास्त्रज्ञांनी काढलेला अंदाज पस्तिसाच्या आसपास येतो. त्यांतल्या एका सिंहाचा सुळा तुटून जबड्यात गळू झालं होतं, हे एक कारण. दुसरं कारण अनेक अभ्यासक मांडतात ते बुळकांडीचं: नेहमीचं भक्ष्य मरून गेलं होतं आणि माणसांची छावणी समोर होती.

पुढे नैरोबीजवळच्या मुगुगा इथल्या प्रयोगशाळेत वॉल्टर प्लाउराइट यांनी बुळकांडीची स्वस्त लस तयार केली. उद्यानाभोवतीच्या गुरांना लसी टोचल्या आणि रोग जंगलातूनही हटला, कारण तो रानात टिकून होता तो गुरांच्याच आधाराने. 1960 च्या सुमारास अडीच लाखांच्या घरात असलेले विल्डबीस्ट 1970 च्या दशकाअखेर तेरा लाखांवर गेले. त्यांनी गवत आखूड ठेवलं, म्हणून वणवे कमी झाले आणि झाडांची रोपं तगू लागली. सिंह आणि तरसही वाढले. 2011 साली जगातून बुळकांडी संपल्याचं जाहीर झालं. आपण मोबाइलवर ज्या कळपांचे व्हिडिओ काढतो, ते गुरांना टोचलेल्या लसीमुळे उभे राहिलेले आहेत.

सिंह कसा सापडतो

आता शिकाऱ्यांकडे वळू. चांगला ड्रायव्हर-गाइड सिंह शोधत नाही. तो इतरांच्या नजरा पाहतो. चार जिराफ चरणं थांबवून एकाच दिशेला माना करून उभे असतील तर तिथे काहीतरी आहे. इम्पाला हरणाचं फुरफुरणं, बबूनचं भुंकणं हे आपल्या चितळ-वानरांच्या इशाऱ्यांसारखंच. गिधाडं वर घिरट्या घालत असतील तर ती अजून शोधात असतील. एकामागून एक पंख आवळून खाली येऊ लागली की शिकार पडलेली समजावी. बिबट्यासाठी नदीकाठच्या मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्या पाहाव्यात. बहुधा आधी लोंबणारी शेपटी दिसते.

सिंह दिवसाचे सोळा ते वीस तास लोळत असतो. त्यामुळे दुपारी गाठ पडली तर वासोण्यापेक्षा वेगळं काही दिसणार नाही. गाडी पहाटे सहाला निघते ती यासाठी. सिंहीण शिकारीला निघाली की आधी बदल होतो तो तिच्या मानेत: डोकं खांद्यांच्या खाली जातं आणि चालताना खांद्यांची हाडं आळीपाळीने पाठीवर उंच दिसतात. ती थांबते, एक पाय उचललेलाच राहतो. गॅझेल मान वर करते, सिंहीण गोठते. गॅझेल पुन्हा चरू लागते, सिंहीण चार पावलं सरकते. बहुतेक वेळा यानंतर काहीच होत नाही. वारा फिरतो, टिटवी ओरडते, कळप उधळतो आणि सिंहीण उठून जांभई देते. पाच-सहा प्रयत्नांत एखादाच साधतो. हे हुकणं पाहिलेल्या माणसाला सिंहाविषयी अधिक कळतं.

जॉर्ज शाल्लर या प्राणिशास्त्रज्ञाने आधी आपल्या कान्हाच्या जंगलात वाघ आणि हरणांचा अभ्यास केला आणि मग 1966 पासून सेरेंगेटीत तीन वर्षं सिंहांमागे काढली. त्याच काळात हान्स क्रूक हा शास्त्रज्ञ न्गोरोंगोरोच्या विवरात रात्री तरसांमागे गाडी घालत होता. त्याला दिसलं की तरस स्वतः शिकार करतात आणि सकाळी तिच्यावर बसलेला सिंह पुष्कळदा त्यांचीच लूट खात असतो. पर्यटक पोचतो उजाडल्यावर, म्हणून बदनामी तरसाच्या वाट्याला.

चित्ता दिवसा शिकार करतो, कारण सिंह आणि तरस तेव्हा सुस्तावलेले असतात. वारुळावर चढून तो माळ न्याहाळतो. आपल्याकडे कोल्हापूर संस्थानात चित्त्याकरवी काळविटाची शिकार हा दरबारी शौक होता, आणि देशातले चित्ते आटत चालल्यावर कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांनी ते आफ्रिकेतून आणवले. 1952 साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियातले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतले बारा.

भक्ष्य ठरवतं कुटुंब

वासोण्याचा सिंह नीट पाहिलेला असेल तर माऱ्यात त्याचा उपयोग होतो. गीरच्या सिंहाची आयाळ विरळ, त्यामुळे कान दिसतात. पोटाखाली कातडीची लांब घडी लोंबते. माऱ्याच्या नराची आयाळ बहुधा दाट, कान तिच्यात बुडालेले. 2017 च्या नव्या वर्गीकरणात तर गीरचा सिंह पश्चिम आफ्रिकेतल्या सिंहांबरोबर एका उपजातीत बसवला आहे आणि केनियाचा सिंह दुसरीत.

त्याहून मोठा फरक वागण्यात आहे. माऱ्यात नर माद्यांच्या कळपाबरोबर बराच वेळ राहतात. गीरमध्ये नर वेगळे, माद्या वेगळ्या. मीलनापुरती किंवा मोठी शिकार असेल तर गाठ पडते. एक विल्डबीस्ट दोनशे किलोचा, दहा जणांचं पोट भरतो. गीरमधलं चितळ पन्नास-साठ किलोचं. त्यावर मोठं कुटुंब पोसलं जात नाही. खाणं बदललं की घरदारही बदलतं. 2025 च्या गणनेत गुजरातेत 891 सिंह मोजले गेले. आफ्रिकेतल्या सिंहांचा अंदाज वीस ते पंचवीस हजारांचा आहे. मोकळी जागा आणि भक्ष्य जिथे घटलं तिथे तिकडचेही कमीच होत आहेत.

निघण्यापूर्वी

केनियाहून परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला नसेल तर भारतात विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागतं. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते, आमलीकरांना मुंबई सोयीची, आणि ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची असते. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारावं. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे, म्हणून जुलैच्या पहाटे स्वेटर लागतोच. निळे आणि काळे कपडे त्सेत्से माशीला खेचतात. मातकट रंग बरे. दुर्बीण 8×42 ची घ्यावी. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण हलत्या गाडीत हातात ठरत नाही.

सराव इथेच करता येतो. सातमालियात कॅमेरा गळ्यात न घालता अर्धा तास एकाच चितळावर नजर ठेवावी: ते किती घासांनंतर मान वर करतं, कान कुठे वळवतं, कळपाच्या कडेचं जनावर मधल्यापेक्षा जास्त सावध असतं का. ही नजर तयार झाली की ती माऱ्यातही कामी येते.

सहल ठरवताना मात्र कागद नीट वाचावा. सहा दिवसांत चार उद्यानं असं लिहिलेलं असेल तर निम्मा वेळ रस्त्यावर जाईल, आणि पंगती, पाठलाग, हुकलेली झेप यांतलं काही दिसणार नाही. एका ठिकाणी किमान तीन रात्री हव्यात. प्रत्येकाला खिडकी मिळेल का, हे विचारावं. आणि सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हा: सिंह समोर नसतानाही एखाद्या कळपापाशी तासभर गाडी उभी करायला ड्रायव्हर तयार असेल का? उत्तर नाही असं आलं, तर दुसरी कंपनी पाहावी.